नुसतं पाणी नको, खालचा चिखलपण आणा

आमच्या लॅबमध्ये बरेच कस्टमर रिकाम्या बाटलीत खाडीचं पाणी भरून आणतात, लोखंड मँगनीज बघून द्या म्हणतात. देतो की. मग रिपोर्ट वाचून फोन येतो, मागच्या महिन्यापेक्षा दुप्पट कसं, कुणी काय सोडलं का? सोडलं असेलही, पण कितीदा तरी तो माल खालच्या गाळातून वर आलेला असतो.

ओहोटीला शिवडीच्या बाजूला चिखलात काठी खुपसून बघा. वर तपकिरी, जरा खाली काळाकुट्ट आणि कुजक्या अंड्याचा वास. खाडीतला पालापाचोळा, सांडपाण्याची घाण बॅक्टेरिया खातात, त्यांना ऑक्सिजन लागतो आणि अशा चिखलात तो वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. मग ते ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीजचे ऑक्साइड, मग लोखंडाचा गंज. आपला सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट, लोखंडानं भरलेला, त्यामुळे गंजाला इथे तोटा नाही. गंज एरवी पाण्यात विरघळत नाही, पण बॅक्टेरियांच्या हाती लागला की त्यातलं लोखंड विरघळून कणांमधल्या पाण्यात साठतं, आणि गंजाला चिकटलेलं कोबाल्ट वगैरेपण सुटतं. भर समुद्रात वरच्या पाण्यात लिटरमागे लोखंड साधारण 10-20 नॅनोग्रॅम, चिखलातल्या पाण्यात काही मिलिग्रॅमसुद्धा सापडतं, म्हणजे लाखो पट!

हे सगळं वर येत नाही हे नशीब. बोअरिंगचं पाणी बादलीत स्वच्छ दिसतं आणि थोड्या वेळानं लालसर होतं ना, तेच इथे होतं. तपकिरी थरात ऑक्सिजन भेटला की लोखंड काही मिनिटांत परत गंजून बसतं. मँगनीज मात्र निवांत, त्याला दिवस लागतात, म्हणून ते लांब जातं. निवट्या, चिंबोऱ्या, किडे बिळं पाडतात, उधाणाला गाळ ढवळतो, तेव्हा हा थर फुटतो. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आपल्या किनाऱ्याजवळ तळाच्या पाण्यात ऑक्सिजन खूप घटतो, तेव्हा तर लोखंडाला अडवणारंच कुणी नसतं. ड्रेजिंगची, म्हणजे गाळ उपसण्याची, तऱ्हा वेगळी, काळ्या चिखलात सल्फाइडमध्ये (गंधकाच्या संयुगात) अडकलेलं तांबं, कॅडमियम हवा लागून मोकळं होऊ शकतं. जेट्टीचं काम असलेल्यांनी हे नीट वाचा.

बाहेर खोल समुद्रात हेच लोखंड प्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं, खाणं. अमेरिकेतल्या जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की काही समुद्रांत बाकी खत भरपूर असूनही लोखंडावाचून प्लँक्टन वाढत नाही. आधी सगळे वाऱ्यानं येणाऱ्या धुळीकडेच बघायचे, आता किनाऱ्यालगतचा गाळपण मोठा पुरवठादार धरतात. मार्टिन यांच्याआधी मोजलेले बरेच आकडे तर चुकीचेच निघाले, कारण जहाजाचं आणि भांड्यांचं लोखंड सॅम्पलमध्ये उतरायचं.

म्हणून स्टीलचा चमचा, खुरपं नको, प्लॅस्टिकचा पाइप चिखलात सरळ दाबा, वर पाणी असू द्या, दोन्ही टोकं घट्ट बंद करा आणि उभाच आइसबॉक्समध्ये ठेवा. झिपलॉकमध्ये कालवून आणलेल्या चिखलातलं विरघळलेलं लोखंड लोकल आमच्या स्टेशनला लागायच्या आत गंजून गेलेलं असतं. तारीख, वेळ आणि भरती होती का ओहोटी, हे मार्करनं पाइपवरच लिहा, चिठ्ठी ओली होऊन वाचता येत नाही. आणि सकाळी आणलंत तर बरं, त्याच दिवशी पाणी काढून घेता येतं.