एच-१बी नोकरी संपते तेव्हा कंपनीवर काय बंधन असते

जळगाव-धुळ्याकडची मुले पुण्यातील कंपन्यांमार्गे एच-१बी या कुशल परदेशी कामगारांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत जातात, आणि तिकडे नोकरी गेल्याचा फोन आला की घरात पहिली चर्चा साठ दिवसांची होते, म्हणजे नोकरी गेल्यावरही तिथे राहता येणाऱ्या जास्तीत जास्त साठ दिवसांच्या सवलतीची. ही सवलत तशी अलीकडची, १७ जानेवारी २०१७ पासूनची. कंपनीवरील बंधने मात्र त्याहून जुनी आहेत, आणि त्यांची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

१९५२ च्या अमेरिकी कायद्यातील ‘एच-१’ वर्गातून १९९० मध्ये एच-१बी वेगळा झाला. त्याच सुधारणेने असे ठरवले की परवान्याची मुदत संपण्याआधी कामगाराला काढले, तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यावा. हा खर्च परदेशातील शेवटच्या निवासस्थानापर्यंतचा असतो. हिंजवडीत राहून गेलेल्या मुलाचे ते ठिकाण पुणे ठरते, मूळ गाव चोपडा असले तरी. बायकोमुलांची तिकिटे यात येत नाहीत.

पुढे काही कंपन्या काम नसले की कामगाराला बिनपगारी बसवून ठेवू लागल्या, तेव्हा १९९८ च्या कायद्याने अशा काळातही पगार देणे बंधनकारक केले. मग नोकरी नेमकी कधी संपली, हा प्रश्न उभा राहिला. २००६ मध्ये अमेरिकी श्रम खात्याच्या अपील मंडळाने एका प्रकरणात तीन गोष्टी पाहिल्या: कामगाराला कळवले का, इमिग्रेशन खात्याला कळवले का, परतीचा खर्च देऊ केला का. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे, कारण या बाबी अपुऱ्या राहिल्या तर पगाराची जबाबदारी चालूच राहिली असे ठरू शकते.

प्रवासखर्चाचा हक्क मात्र काढून टाकलेल्यालाच आहे. स्वतःहून सोडणाऱ्याला नाही. माझ्या आतेभावाला त्याच्या कंपनीने ‘तुझ्या रेकॉर्डला बरे दिसेल’ म्हणून राजीनामा लिहायला सांगितले. त्याने त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवला आणि तिकीट स्वतःच्या पैशाने काढले. भुसावळ स्टेशनवर त्याला घ्यायला मी गेलो होतो. त्या दोन ओळींनी आपण काय सोडून दिले, हे त्याला तोवर कोणीच सांगितलेले नव्हते.