सुईची 'भूल'

ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, कसं आलं ते सांगतो. त्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास इथे सोडून देतो, कारण या दुखण्याशी त्याचा फारसा संबंधच नाही. ही गोष्ट १९५८ पासूनची. शांघायच्या एका हॉस्पिटलात टॉन्सिल काढलेल्या पेशंटना गिळताना खूप दुखायचं म्हणून सुया टोचून बघितल्या, आराम पडला, मग तिथल्या डॉक्टरांना वाटलं की नंतर चालतंय तर आधीच टोचून बघू, आणि त्याच वर्षी टॉन्सिलचं ऑपरेशनच सुयांवर केलं. म्हणजे सुरुवात नंतरच्या दुखण्यापासूनच होती, गाजलं मात्र दुसरंच.

सगळा घोळ इथूनच सुरू झाला, आणि तो एका शब्दाचा आहे. चिनी लोकांनी याला नाव दिलं 'झेनमा'. झेन म्हणजे सुई, आणि 'मा' म्हणजे बधिर होणं. इंग्रजीत त्याचं सरळ अ‍ॅनेस्थेशिया झालं. आता आपल्याकडे बधिर करणं वेगळं आणि भूल देणं वेगळं, दात काढायला गेलेल्या कुणालाही हा फरक कळतो. झेनमामध्ये पेशंट टक्क जागा असायचा, पाहुण्या डॉक्टरांसमोर गप्पा मारायचा, शिवाय पेशंट निवडून घेतलेले, आणि बऱ्याचदा सुयांच्या जोडीला गुंगीचं औषध किंवा बधिर करणारं इंजेक्शनही असायचंच. याला भूल म्हणणं ही सगळ्यात मोठी भूल, असं माझं मत. वेदना कमी होणं एवढाच दावा केला असता तर पुढची पन्नास वर्षं वाद घालावा लागला नसता. पण माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा, म्हणजे सरकारी प्रचाराचा काळ, त्यामुळे १९७१ मध्ये ४ लाखांवर ऑपरेशनं अशी झाल्याचं चीन जाहीर करून मोकळा.

त्याच जुलैत एका अमेरिकन पत्रकाराचं पेकिंगमध्ये (म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये) अपेंडिक्स काढलं. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की त्याचं ऑपरेशन सुयांवर झालं. साफ चूक! ऑपरेशन नेहमीची इंजेक्शनं देऊन झालं, सुया आल्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं तेव्हा. उजव्या कोपरापाशी आणि गुडघ्यांखाली सुया, पोटाजवळ जळत्या औषधी पाल्याची धग, आणि तासाभरात बरं वाटलं असं त्यानेच लिहिलं. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चीनला गेले आणि मग तिकडच्या डॉक्टरांची चीनला रीघच लागली.

उतरती कळाही चीनमध्येच लागली, १९८० च्या आसपास तिथल्याच डॉक्टरांनी लिहिलं की बऱ्याच पेशंटनी वेदना निमूट सोसल्या होत्या. गंमत म्हणजे तोवर शास्त्र उलट्या दिशेने पुढे गेलं होतं. सत्तरीच्या दशकात शरीरातच अफूसारखी द्रव्यं तयार होतात हे सापडलं, आणि मॉर्फिनचा उतारा म्हणून देतात ते नालोक्सोन दिलं की सुयांचा परिणामही उतरतो, म्हणजे सुया हीच द्रव्यं सोडवत असाव्यात, असं काही प्रयोगांत दिसलं. सुईला करंट जोडला तर २ हर्ट्झला (सेकंदाला दोन झटके) एक द्रव्य सुटतं आणि १०० हर्ट्झला दुसरं, हेही पुढे बीजिंगमधल्या कामातून आलं.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ समितीने ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी आणि दाताच्या ऑपरेशननंतरचं दुखणं यासाठी अनुकूल मत दिलं, बाकीच्यासाठी हात राखून. २००८ मध्ये १५ चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा सुया घेतलेल्यांना मॉर्फिनसारखी औषधं कमी लागली, चक्कर-मळमळही कमी. पण तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोटी सुई कशी टोचायची हा प्रश्न तसाच राहिला, कारण टोचलं की काहीतरी होतंच आणि नुसतं टेकवलं तरी पेशंटला टोचल्यासारखं वाटतं. नंतर अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने माणसं मरायला लागली तसं औषधाशिवायच्या उपायांना अचानक भाव आला, त्यात हेही आलं.

आपल्याकडे ही विद्या आली ती सोलापूरच्या आपल्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पथकातल्या एका बंगाली डॉक्टरांमुळे, ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा तिकडे गेले आणि शिकून आले. महाराष्ट्राने वेगळा कायदा केला, २०१९ मध्ये केंद्रानेही मान्यता दिली. क्लिनिकं कंबर, गुडघे, मायग्रेनवर चालतात, ऑपरेशननंतर वॉर्डात मात्र सलाईनमधून पॅरासिटामॉलच.