प्रभाव मूल्यमापन (कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

प्रभाव मूल्यमापन : दारिद्र्यनिर्मूलनाच्या किंवा आरोग्याच्या एखाद्या योजनेमुळे लोकांच्या आयुष्यात झालेला बदल मोजण्याची पद्धत. व्याख्येतला सगळा भार ‘मुळे’ या दोन अक्षरांवर आहे. योजना चालू असताना गावात काय बदलले हे कोणीही सांगतो. त्यातले योजनेमुळे किती आणि एरवीही झालेच असते किती, हे वेगळे काढणे अवघड. कामावरची देखरेख ही निराळी गोष्ट. किती विहिरी खोदल्या, किती लाभार्थ्यांच्या खात्यात पैसे जमा झाले, मार्चअखेर किती निधी खर्ची पडला, याचे तक्ते पंचायत समितीत भरले जातात आणि ते भरायलाच हवेत. पण उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के झाली म्हणून त्या विहिरीला एप्रिलात पाणी असते का, आणि असले तर त्याने कोणाचे काय भले झाले, हे तक्त्यावरून कळत नाही.

कोकणातले बोलके उदाहरण फळबागांचे. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना महाराष्ट्रात १९९० मध्ये सुरू झाली. लागवडीच्या खर्चाला शासनाचे अनुदान आणि झाडे शेतकऱ्याच्या मालकीची, अशी तिची रचना. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती वाडीवाडीत पोचल्या. डोंगरउतारावरच्या या बागा योजनेचे यश म्हणून दाखवल्या जातात, आणि त्यात तथ्य आहेच. पण त्याच दशकात, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबईहून घरी पैसा येत होताच. योजना नसती तर यांतली किती कलमे तरीही लागली असती? ‘नसती तर’ या स्थितीला प्रतितथ्य म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना साधी. अडचण इतकीच की ही स्थिती कोणी पाहिलेली नसते, ती कशावरून तरी उभी करावी लागते.

ती उभी करायचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे कलमे लावणाऱ्या घरांची न लावणाऱ्यांशी तुलना. इथेच पाय घसरतो. लावणाऱ्याकडे जमीन होती, सातबारा स्वतंत्र होता किंवा पंधरा सहहिस्सेदारांच्या संमतीच्या सह्या गोळा करण्याइतकी चिकाटी होती. चिऱ्यांचा गडगा घालायला मुंबईच्या भावाने पैसे पाठवले होते. आणि पहिले तीन उन्हाळे कलमांना कळशीने पाणी घालायला घरात माणूस होते. असे घर योजना नसतानाही शेजाऱ्यापेक्षा दोन पावले पुढेच गेले असते. या दोषाला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. यशोगाथांच्या पुस्तिकांमध्ये तो पानोपानी सापडतो.

ही जाण नवी नाही. १८९७ च्या जानेवारीत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना टोचली आणि उरलेल्यांशी तुलना केली. एकाच आवारातले, एकच अन्न खाणारे लोक म्हणून तुलना बरी होती. पण राजी होणारे आणि न होणारे सारखेच होते का, हा प्रश्न उरतोच. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये नियोजन आयोगाची कार्यक्रम मूल्यमापन संघटना सामुदायिक विकास योजनांच्या अभ्यासासाठी निघाली. तिची जागा २०१५ मध्ये निती आयोगातील नव्या कार्यालयाने घेतली. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब घरांना मुलांची शाळा आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांच्या अटीवर रोख पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा ५०६ वस्त्यांपैकी ३२० वस्त्यांना आधी आणि १८६ वस्त्यांना नंतर सामावून घेतले. मधल्या काळातली तुलना हेच मूल्यमापन झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते गरिबीच्या प्रश्नांवर असे प्रयोग रुळवल्याबद्दल. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे त्या दिवसांत आपल्याकडे बरेच छापून आले.)

महाराष्ट्रातले सर्वांत महत्त्वाचे काम मात्र त्याआधीचे आणि डॉक्टरांचे आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के घट दिसली. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेट देऊ लागल्या. एका जिल्ह्यातल्या मोजणीतून देशाचे धोरण ठरल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतले हे एक.

चिठ्ठ्या टाकून गट पाडणे ही आज सर्वाधिक भरवशाची पद्धत मानली जाते. तिचे तर्कशास्त्र भिशी चालवणाऱ्या बायकांना समजवावे लागत नाही : या महिन्याची रक्कम चिठ्ठीने निघते, म्हणून ती सरपंचाच्या घरी जाण्याची आणि कातकरणीच्या घरी जाण्याची शक्यता सारखीच. पुरेशी गावे घेऊन कोणत्या गावाला योजना द्यायची हे चिठ्ठीने ठरवले, तर दोन्ही गटांत श्रीमंत-गरीब, रस्त्याकाठचे-आडवळणाचे सारखेच विखुरतात आणि पुढे दिसणारा फरक योजनेच्या खाती टाकता येतो. उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत असा प्रयोग झाला. जिथे काहीच केले नाही तिथे एक ते तीन वर्षांच्या ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. दर महिन्याला नियमित शिबिर भरवले तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक फेरीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. आकडे डोळ्यांत भरतात, पण ते तसेच उचलून रत्नागिरीला आणण्यात अर्थ नाही. जिथे बहुतेक मुलांना लशी मिळतातच, तिथे राहिलेली मुले डाळीअभावी राहिलेली नसतात.

जंताच्या गोळ्यांचा प्रयोग केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांत झाला. शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. शिवाय गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही फायदा झाला, कारण जमिनीत जाणारे जंतच कमी झाले. फायदा असा कुंपणापलीकडे सांडतो तेव्हा दोन गटांतला फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) रोखण्यासाठी एका गावातले उंदीर मारायचे आणि शेजारच्या गावाशी तुलना करायची म्हटले तरी हेच होईल. उंदराला गावाची शीव कळत नाही.

चिठ्ठी टाकणे शक्य नसेल तिथे सीमारेषेचा आधार घेतात. दारिद्र्यरेषेसाठी २००२ ची ग्रामीण पाहणी १३ निकषांवर झाली, प्रत्येकी ० ते ४ गुण, कमाल ५२. रेषेच्या एक गुण खाली आणि एक गुण वर असलेली घरे जवळजवळ सारखीच, पण लाभ एकाला मिळतो आणि दुसऱ्याला नाही. म्हणून त्यांची तुलना रास्त. अट एकच : रेषा कोणी हलवलेली नसावी. अंगणवाडीत बाळाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरखाली लाल म्हणजे ‘सॅम’ (तीव्र कुपोषण), साडेबारापर्यंत पिवळी म्हणजे ‘मॅम’ (मध्यम कुपोषण), पुढे हिरवी. सेविका मांडीवर बाळ घेऊन बसलेली असते, बाळ हात झाडत असते, पट्टी किंचित सैल धरली की हिरवा रंग दिसतो आणि किंचित आवळली की पिवळा. हिरवा आला तर मुलाचा जादा आहार थांबणार, हे तिला माहीत असते. पट्टी कोणत्या बाजूला सरकते हे मग दंडाइतकेच सेविकेच्या मायेवर आणि वरून ‘कुपोषित कमी दाखवा’ असा दबाव किती आहे यावर ठरते. आकडेवारीत साडेबाराच्या आसपास गठ्ठा दिसला की अनुभवी माणूस पुढचे गणित मांडण्याआधी त्या अंगणवाडीत जाऊन बसतो.

दुसरी वाट दुहेरी फरकाची : योजनेच्या गावात आधी-नंतर झालेल्या बदलातून तुलनेच्या गावात झालेला बदल वजा करायचा. गृहीत असे की योजना नसती तर दोन्ही गावे एकाच चालीने चालली असती. समजा २०१९ मध्ये श्रीवर्धन तालुक्यात सुपारी बागायतदारांसाठी एखादी योजना सुरू झाली आणि तुलनेला गुहागर घेतले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनच्या बागा आडव्या झाल्या. गणिताप्रमाणे योजनेने बागायतदार कंगाल झाले! पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने दक्षिणेकडच्या बागा झोडपल्या, म्हणजे तुलनेचे गावही साबूत राहिले नाही. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने वादळाचा मार्ग नकाशावर ठेवूनच हिशेब करावा.

ऋतूंचाही असाच चकवा असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. गोचिडीमुळे पसरणारा हा आजार काजूच्या हंगामात वाढतो आणि पाऊस सुरू झाला की ओसरतो. मेमध्ये सुरू केलेला कोणताही उपाय जुलैत यशस्वी ठरतो, अगदी अंगारा लावला तरी. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते; कोळी किंवा गाबित घराला उत्पन्न आणि जेवणातले मासे जुलैत विचारले आणि नंतरची फेरी नोव्हेंबरात केली, तर मधल्या कुठल्याही कर्जयोजनेचा चमत्कार घडलेला दिसेल.

राज्याच्या पातळीवरचे उदाहरण कुपोषणाचे आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाजले आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. दोन वर्षांखालच्या मुलांत वाढ खुंटलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ टक्क्यांवर आले. ही घट मोठी, पण मिशन साऱ्या राज्यात असल्याने तुलनेला मिशन नसलेला महाराष्ट्र उपलब्ध नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा त्याच २००५-०६ मध्ये ४६, २०१५-१६ मध्ये ३४ आणि २०१९-२१ मध्ये ३५ टक्के निघाला. मिशनचा वाटा किती, यावर छातीठोक बोलणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

काय मोजायचे, यातही फसगत होते. देशभरच्या प्रश्नावल्यांत पक्के घर हे सुस्थितीचे लक्षण. कोकणात जांभा पायाखालीच असल्याने गरिबाचेही घर चिऱ्याचे आणि कौलारू असते. जमीन विचारावी तर सातबाऱ्यावर एकर दिसतात आणि नावे वीस. पाण्याचेही तसेच. इथे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सच्छिद्र कातळातून वाहून जातो. मे महिन्यात टँकर येतो. ‘जलस्वराज्य’ या ग्रामीण पाणी-स्वच्छता प्रकल्पाचे मूल्यमापन राज्यातल्या चार जिल्ह्यांतील २४२ गावांत झाले, तेव्हा नळ आणि शौचालये वाढली, पण मुलांच्या हगवणीत तुलनेच्या गावांपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. म्हणून प्रकल्प फुकट गेला असे म्हणवत नाही, कारण पाण्यापायी होणारी ओढाताण कमी झाली होती. हंड्यावर हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या बाईला विचारले तर ती हगवणीआधी गुडघ्यांचे सांगेल.

या साऱ्यापेक्षा कोकणाची खास अडचण म्हणजे पाहणीच्या दिवशी घरी नसलेला माणूस. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गचीही घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईत. पहिल्या फेरीत नोंदलेली घरे दुसऱ्या फेरीत कुलूपबंद सापडतात. या गळतीने नुसती संख्या घटत नाही. एखाद्या कौशल्य प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग झालेला मुलगाच नोकरी धरून निघून जातो, मागे उरतात ते उपयोग न झालेले, आणि अहवालात प्रशिक्षण नापास होते. रायगड-पालघरमध्ये उलट बाजूने हेच : कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत गेलेल्या पाहणीला वाडीत म्हातारी आणि कोंबड्या भेटतात. सर्वांत गरीब घरेच आकड्यांतून गळल्याने वाडीची परिस्थिती सुधारलेली दिसते.

बाळंतपणाची नोंदही अशीच फिरती. पहिलटकरीण माहेरी जाते. आशाताईच्या भेटी माहेरच्या गावात होतात, सासरच्या उपकेंद्रातल्या वहीत रकाना कोरा राहतो आणि योजना पोचलीच नाही असा निष्कर्ष निघतो.

गणपतीत घरे भरलेली असतात म्हणून तेव्हा पाहणी करावी, असे नवख्याला वाटते. माणसे भेटतात खरी, पण त्या दहा दिवसांतला किराणा, प्रवास आणि पाहुण्यांचा खर्च वर्षभराच्या खर्चाशी मेळ खात नाही, आणि आरती सुरू झाली की प्रश्नावली मिटावी लागते. ‘एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब’ ही पाहणीची रूढ व्याख्याही इथे लंगडी पडते. चाकरमानी वर्षातले अकरा महिने या चुलीवर जेवत नाही, पण चुलीखालचा सिलिंडर त्याच्या पैशांनी येतो. त्याला घरचा धरायचे की बाहेरचा, यावर घर गरीब की सुस्थितीतले हे ठरते. जाणती पथके म्हणून पहिल्याच भेटीत दोन फोन नंबर घेतात, एक गावचा आणि एक मुंबईचा, आणि दुसऱ्या फेरीत कुलूप दिसले की आधी मुंबईचा लावतात.