बोललेली गाणी : दूरचित्रवाणीवरील नटांच्या आगळ्या ध्वनिमुद्रिका

गाता न येणाऱ्या नटाने तबकडी का काढावी, या प्रश्नाचे उत्तर गाण्यात शोधले तर सापडत नाही. ते ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आणि नटाच्या बोलण्याच्या तालमीत सापडते.

अमेरिकेत ‘बोनान्झा’ ही मालिका १९५९ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. ही वाहिनी आरसीए कंपनीच्या मालकीची होती, आणि तीच कंपनी रंगीत दूरचित्रवाणी संच विकत असे व तबकड्याही काढत असे. त्यामुळे पडद्यावर लोकप्रिय झालेला चेहरा तबकडीच्या वेष्टणावर येणे ही त्या व्यवहाराची स्वाभाविक पुढची पायरी होती. मालिकेतील वडिलांची भूमिका करणारे लॉर्न ग्रीन हे मूळचे कॅनडातील रेडिओचे वृत्तनिवेदक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या त्यांच्या धीरगंभीर आवाजात तिथल्या घराघरांत पोहोचल्या होत्या. त्यांची ‘रिंगो’ ही तबकडी डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यात ते जवळजवळ गातच नाहीत. एका बंदूकबाजाची कथा ते तालावर सांगत जातात आणि मागे गायकवृंद साथ करतो.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेच्या मालिकेत स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांनी १९६७ पासून डॉट कंपनीसाठी एकामागून एक पाच तबकड्या केल्या. पहिलीचे नावच स्पॉकच्या नावाने होते. पुढे मात्र ते स्वतःच्या आवडीच्या गाण्यांकडे वळले.

त्यांचे सहकलाकार विल्यम शॅटनर यांची १९६८ मधील ‘द ट्रान्सफॉर्म्ड मॅन’ ही तबकडी सर्वांत अधिक थट्टेचा विषय झाली, आणि माझ्या मते तिच्यावर सर्वांत मोठा अन्यायही झाला. शॅटनर कॅनडातील स्ट्रॅटफर्ड महोत्सवात शेक्सपिअरची नाटके करून आलेले नट होते. या तबकडीत त्यांनी नाट्यस्वगते आणि त्या काळची लोकप्रिय गाणी यांच्या जोड्या लावल्या : सिरानो या फ्रेंच नाटकातील नायकाच्या भाषणाला लागून बॉब डिलनचे गाणे, हॅम्लेटच्या स्वगताला लागून सरत्या वयाचे गाणे. दोन्ही ते त्याच नाटकी आवेशाने म्हणतात, आणि एका मजकुरातून दुसऱ्याकडे पाहावे अशी ती रचना आहे. पण १९८८ मध्ये ऱ्हायनो कंपनीने ‘गोल्डन थ्रोट्स’ या नावाने ताऱ्यांच्या अशा ध्वनिमुद्रणांचे संकलन काढले, तेव्हा त्यात गाणी तेवढी आली आणि त्यांच्या जोडीची स्वगते मागे राहिली. जोडी मोडल्यावर उरला तो निव्वळ आवेश, आणि हसे झाले ते त्याचे.

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, म्हणजे हे सारे घडले तेव्हा इथे दूरचित्रवाणीचा नट ही जातच नव्हती. तरीही त्याच १९६८ साली मुंबईच्या चित्रसृष्टीत अशोककुमार यांनी ‘आशीर्वाद’साठी ‘रेलगाडी’ म्हटले. हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे शब्द, वसंत देसाई यांचे संगीत, आणि आगगाडीच्या लयीत भराभर घेतलेली स्थानकांची नावे. दूरदर्शनवरील ‘हम लोग’ या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी भाष्य करायला अशोककुमार आले ते १९८४ मध्ये, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी.

‘रेलगाडी’ला कोणी बेसूर म्हणून हसले नाही, याचे कारण आपल्या कानांच्या सवयीत आहे. कीर्तनकार बोलता बोलता गाण्यात शिरतो आणि पुन्हा बोलण्यावर येतो. पोवाड्यात शाहीर गद्यात प्रसंग सांगून मग चाल उचलतो. शब्द लयीत नीट पडला की पुरे, तो स्वरावर टेकलाच पाहिजे असा आग्रह आपण धरत नाही. म्हणूनच नव्वदच्या दशकात ‘गारवा’मध्ये मिलिंद इंगळे यांच्या गाण्याआधी सौमित्र, म्हणजे अभिनेते किशोर कदम, आपली कविता नुसती बोलतात, तेव्हा ते बोलणेही मराठी श्रोत्यांना गाण्याइतकेच पाठ झाले.

पश्चिमेतही ही वाट अधूनमधून सापडत राहिली. ‘कोजॅक’ मालिकेचे टेली सवालास यांनी एक प्रेमगीत केवळ बोलून मार्च १९७५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. शॅटनर यांनी २००४ मध्ये बेन फोल्ड्स या संगीतकारासोबत ‘हॅज बीन’ ही नवी तबकडी केली. तिला समीक्षकांनी मनापासून दाद दिली, आणि तिच्यातही शॅटनर मुख्यतः बोललेच आहेत.