लोकरीचा किल्ट आणि ‘ॲक्रिलिक वूल’चा किल्ट : फरक कसा ओळखावा

स्कॉटलंडमधील एडिंबरोमध्ये किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत जाणाऱ्या रॉयल माइल या रस्त्यावरच्या दुकानांत रॉयल स्ट्यूअर्ट किंवा ब्लॅक वॉच नक्षीचे दोन किल्ट (स्कॉटिश पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार घागरे) शेजारी टांगलेले असले, तर दोन हात अंतरावरून त्यांतला फरक सहसा कळत नाही. चौकटी त्याच, रंग जवळपास तेच आणि कमरेचे चामडी पट्टेही सारखेच असतात. मात्र एकाची किंमत काही शे पौंड असते आणि दुसरा शंभर पौंडांच्या बराच आत मिळतो. पहिला वर्स्टेड लोकरीचा असतो, म्हणजे विंचरून समांतर केलेल्या लांब तंतूंच्या पिळदार सुताचा. दुसरा बहुधा ॲक्रिलिकचा, आणि पुष्कळदा पाकिस्तानातील सियालकोटमध्ये शिवलेला असतो. ॲक्रिलिकचा किल्ट विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याला ‘ॲक्रिलिक वूल’ असे मोघम नाव देणे, कारण ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा कृत्रिम तंतू आहे आणि अशा नावाने विकल्या जाणाऱ्या कापडात लोकर बहुधा मुळीच नसते. स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या ज्या मराठी मुलांना मित्राच्या लग्नासाठी किंवा पदवीदानासाठी किल्ट हवा असतो, त्यांनी तो स्वस्त घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त आपण काय घेत आहोत हे त्यांना ठाऊक असावे.

ज्या खुणांवर गिऱ्हाईक सहसा विश्वास ठेवते, त्यांतल्या बहुतेक खुणा तंतूविषयी काहीच सांगत नाहीत. टार्टन म्हणजे किल्टवरची रंगीत चौकटींची नक्षी, म्हणून ‘अस्सल टार्टन’ हा शब्दप्रयोग नक्षीपुरता असतो. स्कॉटलंडमध्ये 2008 च्या कायद्यान्वये टार्टनची सरकारी नोंदवही स्थापन झाली आणि ती 2009 पासून सुरू आहे, पण तिच्यात नोंद होते ती रंगांच्या आणि धाग्यांच्या क्रमाची. ती नक्षी कशावर विणली, याच्याशी त्या नोंदीचा संबंध नाही. हॅरिस ट्वीड या स्कॉटिश लोकरी कापडाची गोष्ट वेगळी आहे. ते शुद्ध नव्या लोकरीचेच असले पाहिजे, असे 1993 च्या कायद्यातच म्हटलेले आहे, आणि त्या कापडावरून किल्टविषयी अनुमान काढणारे लोक फसतात.

वजनाचेही तसेच. किल्टचे कापड दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डामागे किती औंस भरते यावरून ओळखले जाते : 10-11 औंस हलके, 13 मध्यम, 16 जड. मात्र ॲक्रिलिकही 13 किंवा 16 औंसांचे विणता येते आणि विणले जाते, त्यामुळे पाटीवरचा ‘13 औंस, 8 यार्ड’ हा मजकूर खरा असूनही लोकरीचा पुरावा ठरत नाही. (आठ यार्ड ही मोजणी एकेरी पन्ह्याची आहे, शिवणारा दुहेरी पन्ह्याचे चार यार्ड कापड घेऊन ते मधोमध कापतो आणि जोडतो.) स्पर्श तर त्याहून फसवा. आपल्याकडे स्वेटर विणण्यासाठी लोकर म्हणून जो गुंडा मिळतो तो बहुतांशी ॲक्रिलिकचाच असतो, त्यामुळे त्या मऊ, किंचित फुगीर पोताला सरावलेल्या हाताला ॲक्रिलिकचा किल्टच अधिक लोकरीचा वाटण्याची शक्यता आहे. चांगले वर्स्टेड कापड उलट गुळगुळीत, घट्ट आणि हाताला काहीसे थंड लागते. ते टोचतेच असेही नाही.

शिवणीवरून थोडा अंदाज येतो. किल्टची खालची कड पाहावी. परंपरेने बनवलेल्या किल्टमध्ये ही कड दुमडून शिवलेली नसते. कापडाचा विणतानाच पक्का झालेला काठच तिथे येतो, म्हणून चुण्या खालपर्यंत एकसारख्या पातळ राहतात. स्वस्त किल्टमध्ये बहुधा तिथे दुमड असते, तिच्यावर यंत्राची टीप असते आणि प्रत्येक चुणीच्या टोकाशी जाडी वाढलेली दिसते. हा कारागिरीतला फरक झाला. तो तंतूकडे बोट दाखवतो, पण निर्णय देत नाही, कारण लोकरीचा किल्टही निष्काळजीपणे शिवता येतो.

निर्णय द्यायचा तर धागाच तपासावा लागतो, आणि धागा कुठून घ्यायचा हे परीक्षेइतकेच महत्त्वाचे आहे. किल्टच्या पुढच्या बाजूला एकमेकांवर येणाऱ्या दोन सपाट पाळ्यांपैकी वरच्या पाळीला उजव्या कडेला दशा सोडलेल्या असतात आणि तिथला धागा सहज निघतो. मात्र त्या दशा सहसा एकाच दिशेच्या धाग्यांच्या असतात, काही किल्टना तर त्यांची पट्टी वेगळी जोडलेली असते. म्हणून आतल्या बाजूला, शिवणीत दबलेल्या कापडातून उभा आणि आडवा असे दोन्ही धागे सुईने सोडवून घ्यावेत. शक्य असेल तर निरनिराळ्या रंगांचे घ्यावेत, कारण मिश्र कापडात ताणा एका तंतूचा आणि बाणा दुसऱ्याचा असू शकतो.

पहिली परीक्षा ज्योतीची. दोन इंच धागा चिमट्यात धरून, धातूच्या किंवा चिनी मातीच्या ताटलीवर, खिडकी उघडी ठेवून ज्योतीजवळ न्यावा. लोकर ज्योतीपासून आक्रसून मागे सरते, नाखुशीने जळते आणि ज्योत दूर नेली की बहुधा आपोआप विझते. तिला केस जळल्याचा स्पष्ट वास येतो, कारण केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच बनलेले आहेत. मागे काळी, ठिसूळ राख राहते आणि ती बोटांत चुरडली की तिची पूड होते. ॲक्रिलिक चटकन पेटते, वितळत वितळत जळत राहते, उग्र रासायनिक वास सोडते आणि थंड झाल्यावर वेडावाकडा कडक गोळा मागे ठेवते, जो चुरडता येत नाही. हा धूर चांगला नव्हे, म्हणून एकेकच धागा जाळावा आणि वास दुरूनच घ्यावा. लोकर आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण असेल तर मात्र ही परीक्षा गोंधळात टाकते : केस जळल्याचा वासही येतो आणि कडक गाठही राहते.

अशा वेळी, आणि खरे तर प्रत्येक वेळीच, दुसरी परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते. घरगुती क्लोरीन ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, काचेच्या छोट्या भांड्यात घ्यावे आणि त्यात धागे बुडवावेत. ब्लीच ताजे असावे आणि दाट जेलसारखे नसावे. लोकरीचा धागा पिवळसर पडतो, त्याच्याभोवती बुडबुडे येतात, तो लिबलिबीत होतो आणि काही तासांत संपूर्ण विरघळून जातो, कारण हायपोक्लोराइट केराटिनमधील गंधकाचे बंध तोडते. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर त्यात जसेच्या तसे राहतात. फार तर रंग उतरतो. मिश्र धाग्यातली लोकर निघून जाते आणि उरलेल्या तंतूंचा विरळ सांगाडा दिसतो. प्रयोगशाळांतही मिश्रणातील लोकरीचे प्रमाण काढताना हायपोक्लोराइटने ती विरघळवून उरलेल्या तंतूंचे वजन करण्याची मान्य पद्धत आहे. घरी करताना शेजारी खात्रीच्या लोकरीचा एक धागाही बुडवावा, म्हणजे ब्लीच जुने आणि निष्प्रभ झालेले नाही हे कळते. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य किंवा आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

दोन तंतूंमधला हा फरक किल्ट वापरतानाही जाणवतो. लोकर हवेतली बरीच ओल शोषून घेते, तर ॲक्रिलिक फारच थोडी, म्हणून लोकरीचा किल्ट नाचताना घाम आला तरी सुसह्य राहतो. वाफेची इस्त्री आणि दाब यांनी लोकरीच्या चुण्या पक्क्या बसतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली तर कापड चकाकते किंवा ताणले जाते आणि ते मूळ रूपात येत नाही. लोकरीला कसर लागते, तेवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

मधल्या किमतीत पॉलिव्हिस्कोस, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांचे मिश्रण, हा तिसरा पर्याय असतो, आणि तसे स्पष्ट लिहून विकणाऱ्याचा किल्ट ‘ॲक्रिलिक वूल’पेक्षा मी केव्हाही पसंत करेन. ब्रिटनमधील 2012 च्या नियमांनुसार कापडी मालावर तंतूंची नावे आणि प्रमाण लिहिणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘100% लोकर’ असे टक्क्यांसह लिहिलेले लेबल किंवा पावती मागावी. माल वर्णनाप्रमाणे नसेल, तर तेथील 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याखाली 30 दिवसांच्या आत तो परत करून पूर्ण पैसे मागता येतात. धाग्यांची परीक्षा म्हणूनच खरेदीच्या पहिल्या आठवड्यातच, किल्ट अंगावर चढवण्यापूर्वी करावी, आणि धागे आतूनच काढावेत, म्हणजे परत देताना कापड खराब केल्याचा आक्षेप येणार नाही.