६३१ स्क्वॉड्रन, रॉयल एअर फोर्स

दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांवरील तोफचींना सराव देण्यासाठी ब्रिटनने उभारलेल्या साहाय्यक स्क्वॉड्रनांपैकी एक. १ डिसेंबर १९४३ रोजी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टोविन येथे १६०५ आणि १६२८ या फ्लाइट (स्क्वॉड्रनपेक्षा छोट्या तुकड्या) एकत्र करून ती स्थापन झाली. त्याच दिवशी इंग्लंड-वेल्समध्ये अशा आणखीही स्क्वॉड्रन निघाल्या. तोवर हे काम विखुरलेल्या छोट्या तुकड्या सांभाळत असत.

टोविनजवळच टॉनव्हानाई येथे लष्कराची सराव छावणी होती. विमानाने लांब तारेला कापडी लक्ष्य बांधून समुद्रावर न्यायचे आणि किनाऱ्यावरच्या तोफांनी त्या कापडावर मारा करायचा, हे मुख्य काम. याखेरीज तोफांची मोजमाप-यंत्रे जुळवून देण्यासाठी ठरावीक उंचीवरून सरळ उडत राहणे, खोटे हल्ले चढवणे अशी कंटाळवाणी पण अचूकता मागणारी कामेही असत.

वैमानिकांना धोका तोफांपेक्षा विमानाचाच जास्त होता, असे म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला स्क्वॉड्रनकडे हरिकेन या लढाऊ विमानांबरोबर हॉकर हेन्ली विमाने होती. हलके बॉम्बफेकी म्हणून आखलेले हे विमान त्या कामाला कधी लागलेच नाही. जेमतेम २०० विमाने बनली आणि ती लक्ष्ये ओढायला जुंपली गेली. ओढण्याच्या ताणाने इंजिन मधेच बंद पडे. अशा वेळी मागचे लक्ष्य झटकन सोडता आले नाही, तर विमान हातचे जाई. या कारणाने काही हेन्ली गमावल्या गेल्या आणि मे १९४५ पर्यंत हे विमान सेवेतून गेले. त्याच महिन्यात स्क्वॉड्रनही उत्तरेकडील लानबेडरला हलली. तेथे तिच्याकडे व्हेंजन्स विमाने आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनांनी सूर मारून बॉम्ब टाकण्यासाठी वापरलेले विमान ते हेच. पुढे स्पिटफायर ही लढाऊ विमानेही मिळाली.

युद्ध संपल्यावरही तोफचींचा सराव चालूच राहिला. त्यामुळे ही स्क्वॉड्रन लगेच मोडली नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये मात्र तिचा क्रमांक पुसून तिला २० हा क्रमांक देण्यात आला. मूळची २० क्रमांकाची स्क्वॉड्रन पहिल्या महायुद्धानंतर भारतात येऊन वायव्य सरहद्दीवर राहिली होती आणि १ ऑगस्ट १९४७ रोजी आग्र्याला विसर्जित झाली होती. जुन्या मानाच्या क्रमांकांना जिवंत ठेवण्याची ही हवाई दलाची रीत. वेल्समध्येच एबरपोर्थला स्थापन झालेल्या ५९५ स्क्वॉड्रनलाही तेव्हाच ५ हा क्रमांक मिळाला. नव्या नावाने लक्ष्य ओढण्याचे काम १९५१ पर्यंत चालले.