नॉर्ड स्ट्रीम आणि ‘शेकडो किलो’चा हिशोब

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी वॉर्साच्या न्यायालयाने एका युक्रेनी पाणबुड्याला जर्मनीच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि तीन वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा उफाळला. रशियातून जर्मनीला वायू नेणाऱ्या, बाल्टिक समुद्राच्या तळावरच्या नॉर्ड स्ट्रीम १ आणि २ या वायुवाहिन्या (प्रत्येकीत दोन नळ्या) फोडल्या कोणी? रशियाने स्वतःच, अमेरिकेने, ब्रिटनने, युक्रेनने. ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार असतं. या भांडणात एक वाक्य मात्र सगळ्याच बाजूंकडून येतं: “स्फोटकं शेकडो किलो होती, म्हणजे नौदलाशिवाय हे काम शक्यच नाही.” या वाक्यातला पहिला अर्धा भाग वाटतो तितका पक्का नाही, आणि त्यावरून दुसरा निघत तर नाहीच.

‘शेकडो किलो’ हा आकडा हवेतून आलेला नाही. स्वीडन आणि डेन्मार्क यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला पाठवलेल्या पत्रात म्हटलं होतं की स्फोटांची तीव्रता भूकंपमापनाच्या पट्टीवर २.३ आणि २.१ होती आणि ती बहुधा काही शे किलो स्फोटकांइतकी आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला पहाटे २ वाजून ३ मिनिटांनी डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाच्या आग्नेयेला पहिला धक्का बसला, तर संध्याकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी बेटाच्या ईशान्येला दुसरा. बोर्नहोमवरच्या भूकंपमापकावर आधी शांतता, मग एक टोकदार रेघ आणि त्यानंतर अखंड सळसळ दिसते. ती सळसळ म्हणजे निसटणारा वायू.

हा भूकंप नव्हता, हे उप्साला विद्यापीठातल्या भूकंपतज्ज्ञांनी लगेच सांगितलं. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे पहिल्या लहरीने काही केंद्रांवरची जमीन वर ढकलली जाते, तर काहींवर खाली ओढली जाते. स्फोट सगळ्या दिशांना फक्त बाहेर ढकलतो. शिवाय स्फोटात प्राथमिक लहरी जोरदार असतात आणि मागून येणाऱ्या कातर लहरी दुबळ्या. इथवर वाद नाही. वाद वजनाचा आहे, आणि पाण्यातल्या स्फोटाचं वजन काढण्याची एक फार सुंदर रीत आहे.

पाण्याखाली स्फोट झाला की तापलेल्या वायूचा मोठा बुडबुडा तयार होतो आणि तो भोवतालचं पाणी बाहेर लोटतो. फुगता फुगता आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. खरं तर बुडबुड्याने इथे थांबायला हवं. पण वेगाने बाहेर निघालेल्या टनावारी पाण्याला जडत्व असतं. झोपाळा मध्यावर येऊन थांबत नाही, पुढे जातो, तसा हा बुडबुडा गरजेपेक्षा जास्त फुगतो. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूपच कमी असतो, म्हणून पाणी उलटं आत कोसळतं, तेही गरजेपेक्षा जास्त. वायू पुन्हा आवळला जातो आणि दुसरा, थोडा लहान हादरा देऊन पुन्हा फुगतो. या दोन हादऱ्यांमधला वेळ मोजता आला की स्फोटकाचं वजन काढता येतं.

सूत्र असं: वजनाचं (किलोग्रॅममध्ये) घनमूळ घ्यायचं, त्याला २.११ ने गुणायचं आणि खोलीच्या मीटरमध्ये १० मिळवून येणाऱ्या संख्येच्या पाच-षष्ठांश घाताने भागायचं. ते १० मीटर म्हणजे वरच्या हवेचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला. ७० मीटर खोलीवर २०० किलो टीएनटी (स्फोटकांची ताकद ज्याच्या मापात सांगतात ते स्फोटक) धरलं तर उत्तर येतं ०.३२ सेकंद, ५०० किलोला ०.४३ सेकंद. वजन अडीचपट झालं तरी वेळ जेमतेम एक तृतीयांशाने वाढला, ही घनमुळाची करामत. उलट वाचलं तर वेळ मोजण्यातली छोटी चूक वजनात तिप्पट होऊन बसते. तरीही ही रीत भरवशाची आहे. २०१० साली दक्षिण कोरियाची ‘चेओनान’ ही युद्धनौका बुडाली, तेव्हा जवळजवळ एका सेकंदाच्या अशाच ठोक्यावरून पाण्याखालच्या स्फोटाचा माग काढला गेला. २००० साली बुडालेल्या ‘कुर्स्क’ या रशियन पाणबुडीचा मोठा स्फोटही याच पद्धतीने अभ्यासला गेला.

नॉर्ड स्ट्रीमला हे घड्याळ सरळ लावता येत नाही, कारण स्फोट मोकळ्या पाण्यात नव्हता. तो वायूने ठासून भरलेल्या पोलादी नळीला चिकटून झाला. नळी फुटताच आतला वायू त्याच बुडबुड्यात घुसतो. ज्या क्षणी बुडबुडा आवळायला हवा, त्या क्षणी त्याला आणखी हवा भरली जाते. मग दोन हादऱ्यांमधला वेळ फक्त स्फोटकाचा उरत नाही.

मग राहते नुसती तीव्रता. ही पट्टी लॉगरिदमची आहे: ०.२ चा फरक म्हणजे ऊर्जा दुप्पट. इतक्या लहान घटनेत दोन संस्थांच्या आकड्यांत एवढा फरक सहज पडतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तीव्रतेत स्फोटकाची ऊर्जा किती आणि वायूची किती, हे वेगळं लिहिलेलं नसतं.

वायूची ऊर्जा काढून बघू. नळीचा आतला व्यास १.१५ मीटर, म्हणजे एका मीटर लांबीत साधारण एक घनमीटर वायू. नॉर्ड स्ट्रीम २ मध्ये दाब १०५ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका) होता आणि तो ७ बारपर्यंत पडला. (७ च का? कारण तिथे पाणी सुमारे ७० मीटर खोल आहे, आणि दर १० मीटरला पाण्याचा दाब १ बारने वाढतो. आतला-बाहेरचा दाब सारखा होईपर्यंत वायू वाहिला, मग थांबला. जर्मनीत लुबमिनला, वाहिनीच्या टोकाशी बसलेल्या माणसाला नुसत्या काट्यावरून गळतीची खोली कळली असती!) १०५ बारचा एक घनमीटर वायू झटकन एवढा प्रसरण पावला तर सुमारे १६० लाख ज्यूल काम करतो, म्हणजे जवळपास ४ किलो टीएनटीएवढं. हे एका मीटरचं झालं. नंतर पाण्याखाली घेतलेल्या चित्रणात नॉर्ड स्ट्रीम १ ची किमान ५० मीटर नळी जागेवर दिसत नव्हती. पन्नास गुणिले चार म्हणजे दोनशे किलो, एक किलोही स्फोटक न मोजता! सगळी ऊर्जा एका क्षणात सुटत नाही हे खरं, आणि हा माझा ढोबळ हिशोब आहे. पण ‘शेकडो किलो’तला बराचसा वाटा नळीनेच उचलला असण्याची शक्यता यातून दिसते. जेमतेम ४ सेंटिमीटर जाडीचं पोलाद आणि त्यावरचं काँक्रीट फोडायला, नेमकं चिकटवलेलं स्फोटक कितीतरी कमी पुरतं.

आता ‘नौदलाशिवाय नाही’ याकडे. ७० मीटरवर एकूण दाब ८ बार: पाण्याचा ७ आणि वरच्या हवेचा १. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे तिथे त्याचा दाब १.६८ बार होतो, आणि १.६ च्या वर झटके येऊन माणूस मरू शकतो. नायट्रोजनची झिंग येते ती वेगळीच. म्हणून साध्या हवेची टाकी चालत नाही, हेलियम मिसळलेला वायू लागतो. पण तसं डायव्हिंग नागरी पाणबुडेही करतात, बुडालेली जहाजं पाहायला. ते सोपं नाही, पण ती नौदलाची मक्तेदारीही नाही. जर्मन तपासात रोस्टोकहून भाड्याने घेतलेल्या ‘अँड्रोमेडा’ या सुमारे १५ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर पाण्याखाली वापरायच्या स्फोटकांचे अंश सापडले, तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेलं. त्या हसण्याचा आधार वजनच होता.

याचा अर्थ नौकेवाल्यांनीच केलं, असा नाही. थोडी स्फोटकं पाणबुडीतूनही नेता येतात. वजनावरून कर्ता ओळखता येत नाही, इतकंच.

एका तर्काला मात्र विज्ञान ठाम नकार देतं: मिथेन आणि पाणी मिळून झालेल्या बर्फासारख्या गाठीने नळी आपोआप फुटली, हा. अशा गाठी तेल-वायू उद्योगाची खरी डोकेदुखी आहेत. पण चार नळ्यांपैकी तीन, सतरा तासांच्या आत, चार ठिकाणी फुटाव्यात आणि वर स्वीडिश तपासात तिथल्या वस्तूंवर स्फोटकांचे अवशेष मिळावेत? नॉर्ड स्ट्रीम २ च्या एकाच नळीला दोन ठिकाणी भोकं पडली आणि तिची जोडीदार साबूत राहिली, याचं कोडं गाठी सोडवत नाहीत. अंधारात कोणीतरी नळी चुकली, हे पटण्यासारखं आहे. अर्थात हाही तर्कच.

‘फायदा कोणाला झाला ते बघा, गुन्हेगार सापडेल’ हा युक्तिवाद मी विज्ञानात धरत नाही. राशिभविष्याची हीच पद्धत आहे: घटना घडून गेल्यावर कुठल्याही राशीला लागू पडतं. आणि हवामानाचा प्रलय येणार म्हणून तेव्हा ओरड झाली, त्याचंही माप नंतर झालं: सुमारे ४,६५,००० टन मिथेन, एकाच घटनेतली प्रचंड गळती, तरी मानवी कारणांनी वर्षभरात सुटणाऱ्या मिथेनच्या ०.१ टक्का.

तुलनेसाठी ऑक्टोबर २०२३ मधली फिनलंड-एस्टोनियाची बाल्टिककनेक्टर वाहिनी पाहा. तिथेही दाब अचानक पडला, तिथेही ‘घातपात’ हा शब्द लवकरच आला. पण भूकंपमापकांवर जेमतेम थरथर होती, आणि तळावर ओढल्याचा लांब चरा व त्याच्या टोकाशी सहा टनी नांगर सापडला. हाँगकाँगचा झेंडा लावलेलं ‘न्यून्यू पोलर बेअर’ हे मालवाहू जहाज तिथून गेलं होतं. वादळात चुकून झालं, असं चीनने पुढे मान्य केलं. काय झालं हे चऱ्याने सांगितलं. मुद्दाम झालं की चुकून, हे चरा सांगत नाही.

नॉर्ड स्ट्रीमच्या दुसऱ्या संशयिताला इटलीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीकडे सोपवलं आहे. युक्रेन सरकारने आपला हात असल्याचं नाकारलं आहे. खटला उभा राहील तेव्हा स्फोटकांच्या वजनाचा एखादा आकडा नक्की पुढे येईल. तो कोणत्या दाबाचा वायू आणि किती मीटर नळी गृहीत धरून काढला, हे मी आधी शोधेन.